नायिका उत्तम, सिनेमा ढिला: एडिटला बसताना काय बघाल?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. निपाणी-चिकोडी भागात, स्वतःच्या आणि मित्रांच्या पैशांतून केलेला एक संगीतप्रधान सिनेमा आहे. नायिका दिवसा तंबाखूच्या वखारीत काम करते, रात्री लग्नाच्या आणि जत्रेच्या ऑर्केस्ट्रात गाते, आणि तिचा आवाज हळूहळू जायला लागलाय. काम करणाऱ्या बाई मूळच्या नाटकातल्या, गाणी त्यांनी स्वतः गायलीत, तीही सेटवरच. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, 2 तास 31 मिनिटांची झालीय. ज्यांना दाखवली ते सगळे म्हणतात, "बाईंनी काय काम केलंय!" आणि सिनेमाबद्दल विचारलं की विषय बदलतात. एडिटर मित्राचं म्हणणं, शेवटचं 7 मिनिटांचं गाणं निम्म्यावर आणा. दिग्दर्शकाला ते पटत नाही. रीशूटला पैसे उरलेले नाहीत. मग बॅकग्राउंड म्युझिक वाढवून काही होईल का, असा शेवटी प्रश्न आहे.

मी बेळगावात राहतो, मराठी आणि कन्नड दोन्हीकडच्या कमी बजेटच्या सिनेमांचं एडिटिंग करतो. त्याआधी बरीच वर्षं लोकेशन साउंडवर होतो. तुमचा सिनेमा मी पाहिलेला नाही. त्यामुळे पुढचं बरंचसं तुमच्या हार्ड डिस्कमध्ये काय शिल्लक आहे यावर अवलंबून आहे, ते धरूनच वाचा.

तुम्ही विचारलंय गाणं कापू का. त्याच्याआधीचा प्रश्न असा, की बघणारे लोक त्या नटीबद्दलच का बोलतायत? सिनेमा मनाला लागला की लोक पात्राबद्दल बोलतात. "त्या पोरीनं पुढं काय केलं असेल?", "नवऱ्याला शेवटी कळलं होतं काय?" असलं विचारतात. सिनेमा लागला नाही पण नटी भावली, तर बोलणं अभिनयावर येतं. म्हणजे लोकांना ती त्या गोष्टीतून वेगळी काढून बघता आली. तुमच्या वर्णनावरून मला जे दिसतं ते असं: तुमच्या सिनेमात ती बाई एकटी पडलीय. तिच्यासमोर कुणी नाही. ती जास्त भारी आहे म्हणून बाकीचं फिकं वाटतंय, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

आपल्या भागाला हे प्रकरण काही नवं नाही. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. 1880 साली त्यांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, आणि पुढच्या काळात बालगंधर्वांच्या नाटकांना 'वन्स मोअर'च इतके पडत की प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे. तिथं गोष्ट थांबली तरी चालायचं, कारण ऐकणारा समोर बसलेला असायचा आणि त्याची दाद हासुद्धा प्रयोगाचाच भाग असायची. सिनेमात तो ऐकणारा आपणहोऊन येत नाही. तो पडद्यावर दाखवावा लागतो.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती फिरतंय. आपल्याकडचं पारिजात हे लोकनाट्य घ्या. 'श्रीकृष्ण पारिजात', ज्याला कुलगोडच्या तम्मण्णांनी रूप दिलं आणि गोकाक-अथणीकडं जे अजून रात्र रात्र चालतं. त्यात सत्यभामा गाऊन थांबली की भागवत, म्हणजे सूत्रधार, तिला प्रश्न विचारतो, चिडवतो, खोदून काढतो. मागचे हिम्मेळवाले, म्हणजे साथीदार, ओळ उचलतात. गाणारं पात्र एकटं म्हणून कधी सोडतच नाहीत. वारकरी भजनातही तसंच: बुवांनी चरण म्हटला की टाळकरी धृपद उचलतात, तेव्हा कुठं तो चरण पोचल्यासारखा होतो. गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे आपल्याला अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं.

तुम्ही 'हर स्मेल' हा अमेरिकन सिनेमा डोळ्यासमोर होता असं लिहिलंय. 2018 चा, अलेक्स रॉस पेरीचा. एलिझाबेथ मॉसनं त्यात रसातळाला चाललेली रॉक गायिका केलीय, पाच लांबलचक प्रसंगांत. मॉसचं काम जबरदस्त आहे यात वाद नाही. पण पहिले तीन प्रसंग मला बघताना दम लागतो, आणि तो दम सगळाच काही हवासा नाही. ती ओरडते, बाकीचे तिला आवरतात किंवा टाळतात, आणि हे खूप वेळ चालतं. चौथ्या प्रसंगात ती दारू-नशा सोडून घरी बसलीय, लहान मुलगी भेटायला आलीय, आणि ती पियानोवर मुलीसाठी एक जुनं गाणं म्हणते. तिथं सिनेमा एकदम जमिनीवर येतो. तिनं अभिनय तिथं जास्त केला म्हणून नव्हे. उलट कमीच केलाय. फक्त आता ती कुणासाठी तरी गातेय आणि ते कुणीतरी ऐकतंय. तुम्ही या सिनेमातून पहिल्या तीन प्रसंगांचा ताण घेतलाय आणि चौथ्यातली ती मुलगी घ्यायची राहिलीय, असा माझा अंदाज आहे.

दुसरं टोक बघायचं तर चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' (2020) परत बघा. आदित्य मोडक स्वतः गायक आहेत, तरी सुरुवातीलाच आपण त्यांना बघतो ते गुरूंच्या मागे तंबोरा घेऊन बसलेले, ऐकताना. ऐकता ऐकता त्या माणसाला काय हवंय आणि ते त्याला मिळणार नाही अशी भीती कशी आहे, हे दोन्ही कळतं. व्हेनिसला त्या सिनेमाला पटकथेचा पुरस्कार मिळाला होता, ते मला फार योग्य वाटतं.

आता कामाचं बोलू.

पहिलं काम कट करायचं नाही, शोधायचं आहे. सगळे रशेस, म्हणजे शूटिंगचं न कापलेलं फुटेज, काढा आणि गाण्यांच्या दिवशीचं सगळं फुटेज सुरुवातीपासून बघा. 'अॅक्शन'च्या आधीचं आणि 'कट'च्या नंतरचंही. कॅमेरा चालू आहे, बाई पाणी पितायत, की-बोर्डवाला तिच्याकडं बघत थांबलाय, ढोलकीवाला ढोलकी चढवतोय, स्टेजच्या कडेला तिची मुलगी पेंगतेय: असले तुकडे नेहमी सापडतात. दिग्दर्शकानं ते मागितलेले नसतात म्हणून एडिटरनंही आजवर उघडून बघितलेले नसतात. त्यांची एक वेगळी टाइमलाइन करा. नाव द्या 'ऐकणारे'. अशा तुकड्यांची अर्ध्या तासाची टाइमलाइन झाली तर तुमचं निम्मं काम झालं. पाच मिनिटांचीही झाली नाही, तर पॅच शूटचा, म्हणजे कमी पडलेले तुकडे नंतर शूट करण्याचा, विचार करावा लागेल. त्याकडं नंतर येतो.

दुसरं, की-बोर्डवाला. तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीय, पण माझ्या मते तुमच्या सिनेमातलं दुसरं महत्त्वाचं पात्र तोच आहे. ऑर्केस्ट्रात गायिकेचा आवाज उतरायला लागला की सगळ्यात आधी कुणाला कळतं? नवऱ्याला नाही, मालकाला नाही, डॉक्टरला तर नाहीच. की-बोर्डवाल्याला कळतं. कारण काल काळी चार पट्टीतून गाणारी बाई आज हळूच म्हणते, "जरा काळी तीनमधून घ्या," म्हणजे खालच्या पट्टीतून. तो काही बोलत नाही, ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दोनदा दाबतो. तिसऱ्या कार्यक्रमाला ती सांगायच्या आधीच त्यानं बटण दाबलेलं असतं. हा सगळा प्रसंग एका शब्दाशिवाय होतो, आणि त्यासाठी लागतं काय, तर बोटांचा एक इन्सर्ट, म्हणजे मध्ये घालायचा छोटा शॉट, आणि त्याचा एक क्लोजअप. तुमच्याकडं डॉक्टरचा जो चार मिनिटांचा प्रसंग आहे, ज्यात तो स्वरतंतूंबद्दल समजावून सांगतो, तो याच्यापुढं काढून टाकलात तरी कुणाला उणीव भासणार नाही.

तिसरं, गाण्यांचा क्रम. शेवटचं 7 मिनिटांचं गाणं लांब वाटतंय ही तक्रार खरी असेल, पण कारण बहुतेक वेळा त्या गाण्यात नसतं. त्याच्याआधी आपण तिला किती ऐकवलंय यात असतं. तुमच्या लिहिण्यावरून मधली गाणीही पूर्ण आहेत आणि दोन ठिकाणी तिचा आवाज आधीच फाटलाय. मग शेवटी दाखवायला नवीन काय राहिलं? माझ्या हातात असतं तर पहिलं गाणं पूर्ण ठेवलं असतं, भरल्या आवाजातलं, म्हणजे काय जाणार आहे ते लोकांना कळेल. दुसऱ्याचा फक्त मुखडा. तिसरं ती म्हणतच नाही: निवेदक नाव पुकारतो, ती पदर नीट करत उभी राहते आणि आपण कट करून पहाटेच्या परतीच्या टेम्पोत जातो. चौथं म्हणजे शेवटचं. आवाज फाटतोय हे आधी फक्त की-बोर्डवाल्याच्या नजरेतून कळू दे, कानाला शेवटीच कळू दे. असं केलंत तर ती 7 मिनिटं 7 मिनिटांसारखी वाटणारच नाहीत.

म्हणजे शेवटचं गाणं कापायचं की नाही? तो सलग एक टेक असेल आणि त्या टेकच्या आत काही बदलत असेल, ती ज्या निश्चयानं उभी राहिली तो मध्येच कुठं मोडत असेल, तर आवाजाला हात लावू नका. साउंड त्या एका टेकचाच सलग ठेवा. हे भावनेपोटी सांगत नाही, त्याला तांत्रिक कारण आहे. सेटवर गायलेल्या गाण्याच्या दोन टेकमध्ये लय थोडी तरी हलते, आणि कानात तंबोरा नसेल तर सूरही हलतो. एक ओळ या टेकची, दुसरी त्या टेकची असं जोडलंत तर ज्याला सुरातलं काही कळत नाही त्यालाही काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. त्यामुळे आवाज एकाच टेकचा आणि त्यावर चित्र बदलायचं. पण दुसऱ्या टेकमधलं चित्र वापरायचं तर तोंड दिसत नसेल तिथंच वापरा: पाठ, हात, माइकची वायर. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण 42 मिलिसेकंदांची. दोन-तीन फ्रेमचा फरक पडला की ओठ चुकलेले दिसायला लागतात, आणि आवाज ओठांच्या आधी आला तर नंतर आल्यापेक्षा जास्त खुपतो.

ऐकणाऱ्यावर कट कुठं मारायचा? सवयीनं आपण ओळ संपली की मारतो, कारण तिथं सोपं जातं. लग्नाच्या व्हिडिओत तेच करतात: ओळ संपली, पब्लिक दाखवा, टाळ्या दाखवा. त्यापेक्षा अवघड स्वराच्या आधी ती श्वास घेते तिथं कट करून बघा. श्वास तिचा ऐकू येतो आणि चेहरा मुलीचा दिसतो. मुलीला माहीत आहे की पुढची जागा अवघड आहे. स्वर लागतो, किंवा लागत नाही, ते आपण मुलीच्या चेहऱ्यावर बघतो आणि मग आईकडं परत येतो. 7 मिनिटांत असं तीन-चार वेळाच करा. आणि जे चेहरे दाखवाल ते आपल्या ओळखीचे पाहिजेत. मान डोलवणारा अनोळखी जमाव हा ऐकणारा होत नाही, ती नुसती गर्दी होते.

आता एक जरा नाजूक गोष्ट. "बाईंचं काम जबरदस्त" हे सगळे म्हणतायत म्हणून त्या कामाकडं संशयानं बघायचंच नाही असं करू नका. रफ कट करताना प्रत्येक प्रसंगातला सगळ्यात ताकदीचा टेक निवडला जातो, ते साहजिक आहे. पण असे वीस ताकदीचे टेक एकामागं एक लावले की सगळा सिनेमा वरच्या षड्जावर बसतो. वखारीतल्या भांडणातही ती तितकीच, नवऱ्यासमोरही तितकीच, एकटी असतानाही तितकीच. नाटकातून आलेल्या चांगल्या नटांबाबत हे जास्त होतं, कारण प्रत्येक टेकला ते पूर्ण प्रयोग देतात. मी काय करतो, तर पहिल्या तासाभरातल्या प्रसंगांसाठी मुद्दाम दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचे टेक परत बघतो. ज्यात ती थोडी थकलीय, ओळ जरा वरवरची गेलीय, रडू आलेलं नाही असे. त्यातले बरेच टेक त्या जागेला जास्त बसतात. दिग्दर्शकाला हे पटायला वेळ लागतो, कारण रडण्याच्या टेकला सेटवर सगळे गप्प झालेले त्याला आठवत असतात. पण प्रेक्षक सेटवर नव्हता. तिनं रडून घेतलं की त्याला काही करायचं उरत नाही.

हे बाईंनाही दाखवा, पण कट बऱ्यापैकी बसल्यावर. आधी दाखवलंत तर आपला चांगला टेक का काढला एवढंच त्या बघतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पुढचा मुद्दा साउंडचा, आणि इथं माझं जुनं दुखणं बोलतंय असं समजा. तुम्ही लिहिलंय की बाईंचे संवाद लोकेशनवरचे ठेवलेत आणि नवरा, मालक, डॉक्टर यांचे पुण्यात स्टुडिओत डब केलेत. मला वाटतं "ती भारी, बाकीचे कच्चे" याचं निम्मं उत्तर इथंच आहे. तिच्या आवाजात वखारीची खोली आहे, पत्र्याचा आवाज आहे, खरा धापलेला श्वास आहे. नवऱ्याचा आवाज मात्र बंद खोलीत, तोंडाजवळच्या माइकवर घेतलेला. दोघं एका फ्रेममध्ये आहेत, पण कानाला दोन वेगळ्या जागी आहेत. वर डबिंगला बहुतेक कुणीतरी त्यांना 'शुद्ध' बोलायला लावलं असेल, म्हणजे निपाणीचा माणूस सदाशिव पेठेत राहून आल्यासारखा बोलतोय. असल्या आवाजासमोर कुठलाही नट कच्चा दिसेल की.

लोकेशनचे मूळ ट्रॅक असतील तर ते परत ऐका. पंखा, रस्त्यावरची बस, कुत्रं, असू दे. थोडी साफसफाई करा पण खरवडून काढू नका. अगदीच निरुपयोगी असेल तिथं परत डब करा, मात्र स्टुडिओत नको. तशाच एखाद्या वखारीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये, माइक हातभर लांब ठेवून, आणि त्यांना त्यांच्या घरी बोलतात तसं बोलू द्या. शेवटी त्या खोलीचा नुसता रिकामा आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करून सगळ्या प्रसंगाखाली अंथरा. खर्च फार नाही, एक दिवस जाईल. नवऱ्याचं काम अचानक सुधारलं असं लोक म्हणतील, बघा.

त्याच ओघात भाषेचं. तुमच्या नायिकेची आई कानडी बोलते. ते छान आहे, आपल्याकडं घराघरात तसंच आहे. पण तुम्ही लिहिलंय, प्रेक्षकांना कळावं म्हणून तेच पुढं शेजारीण मराठीत सांगते. म्हणजे गोष्ट दोनदा सांगितली जातेय, आणि अडीच तासांतला किती वेळ यात जातोय ते एकदा मोजाच. आपल्याकडं आई कानडीत विचारते, पोरगी मराठीत उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. तसंच ठेवा. शेजारणीच्या ओळी काढा, सबटायटल द्या, तीही दोन ओळींच्या वर जाऊ देऊ नका. पुण्याच्या प्रेक्षकाला एखादा शब्द निसटला तर निसटू दे. गाण्यांखाली मात्र सबटायटल जपून. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा द्या, पुन्हा पुन्हा देऊ नका. बाई गात असताना लोक खाली वाचत बसले तर तुमच्याकडची सगळ्यात भारी गोष्टच वाया जाते.

आतापर्यंत जे सांगितलं त्यावरून तुमच्या चार उपकथांचं काय करायचं तेही ठरवता येईल. मी एकच चाळणी लावतो: या पात्राला तिचं गाणं ऐकू येतं का? मुलीला येतं. की-बोर्डवाल्याला येतं. नवऱ्यालाही येतं, तो ऐकायचं टाळतो, म्हणून तो तर हवाच. ती गायला लागली की तो बाहेर जाऊन बसतो असं एक दृश्य तुमच्याकडं आहे म्हणता, ते सोन्यासारखं जपा. मालकाची निवडणुकीची भानगड आणि डॉक्टरची सगळी गोष्ट या चाळणीतून खाली पडतात. या दोन उपकथा काढल्या, दुहेरी संवाद काढले, मधली गाणी आखडली, की माझ्या हिशोबानं तुम्ही दोन तासांच्या आत याल आणि शेवटच्या गाण्याचा एक सेकंदही जाणार नाही.

बॅकग्राउंड म्युझिक वाढवायचं का? नको. गाण्यावरच्या सिनेमात कान जरा उपाशी ठेवावा लागतो. वखारीचा आवाज, टेम्पोचा आवाज, चूल, सायकल, यावर बराच वेळ काढला की पहिला सूर लागताच माणूस सावरून बसतो. सगळीकडं व्हायोलिन आणि पॅड पसरून ठेवले तर गाणं सुरू झालेलंही कळत नाही. दुसरं असं, की गाण्याच्या लगेच आधी वेगळ्या पट्टीतलं म्युझिक वाजत असेल तर बाईंचा सा तिथं बेसूर वाटू शकतो, आणि दोष त्यांच्यावर येतो. संगीतकार मित्राला वाईट वाटणार असेल तर त्याला शेवटची श्रेयनामावली पूर्ण देऊन टाका, तिथं हवं ते वाजवू दे.

पॅच शूट. 'ऐकणारे' टाइमलाइन फारच तोकडी निघाली तर एक दिवस काढा, पण त्या दिवशी नायिकेला बोलावू नका. तिच्याकडून तुम्हाला काही नकोय. मुलगी, की-बोर्डवाला, नवरा एवढेच. स्टेज परत उभारायचं नाही. मागं काळं किंवा रात्रीचा अंधार, एक-दोन रंगीत दिवे, मूळ शूटच्याच लेन्स मिळाल्या तर उत्तम. चेहऱ्याजवळ राहिलात तर मागं काय आहे ते कुणी विचारत नाही. मुलगी दरम्यान उंच झाली असेल, तर तिला बसवून घ्या. आणि महत्त्वाचं म्हणजे शूट करताना शेवटच्या गाण्याचा मूळ टेक मोठ्या स्पीकरवर लावा, सलग. "आता दुःखी दिस", "आता डोळ्यात पाणी आण" असं मध्ये बोलू नका. 7 मिनिटं कॅमेरा चालू द्या, त्यांना नुसतं ऐकू द्या. दुसऱ्यांदा लावा, तेव्हाही शूट करा. पहिल्या वेळी ते अभिनय करतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कंटाळतात आणि मग खरंच ऐकायला लागतात. तेच वापरायचं.

नवा कट झाला की तो ओळखीच्या, भिडस्त लोकांना दाखवू नका. निपाणीत किंवा बेळगावात, सिनेमाशी संबंध नसलेले वीस-पंचवीस लोक जमवा. त्यात वखारीत काम केलेल्या दोन-चार बायका असतील तर फारच चांगलं, आणि ऑर्केस्ट्रात वाजवणारा कुणी मिळाला तर त्याला चहापाण्यासकट घेऊन या. तुम्ही स्क्रीनकडं बघू नका, बाजूला बसून लोकांकडं बघा. कोण कधी मोबाइल काढतं, कधी अंग हलवून बसतं, ते वेळेसकट लिहून ठेवा. नंतर "कसा वाटला?" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. "की-बोर्डवाल्याला कधी कळलं?" असं विचारा. "नवरा बाहेर का जाऊन बसतो?" विचारा. याची उत्तरं येतायत, आणि ती एकमेकांशी भांडत येतायत, म्हणजे सिनेमा उभा राहायला लागला. परत सगळे "बाई काय गातात हो!" एवढंच म्हणाले, तर अजून एकदा टाइमलाइन उघडायची.

हे सगळं सेन्सॉरला पाठवायच्या आधी करा. एकदा प्रमाणपत्र मिळाल्यावर काही काढलं-घातलं तर ते पुन्हा कळवावं लागतं, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो. डीआय (चित्राच्या रंगांचं शेवटचं काम) आणि आवाजाच्या फायनल मिक्सचं बुकिंग आधीच करून बसला असाल तर पुढं ढकला. मिक्सवाले कुरकुर करतील, पण दर आठवड्याला कुणाची ना कुणाची तारीख रद्द होतेच, तुम्हाला दुसरी मिळेल.

रफ कटची लिंक पाठवायची असेल तर पाठवा, पण त्याआधी 'ऐकणारे' ही टाइमलाइन तेवढी करा आणि ती आधी पाठवा. तिथून सुरुवात केली तर काहीतरी बोलता येईल.